राजपुत्राच्या वाटणीचं दूध

१५ एप्रिल १५५५, हॅम्प्टनचा राजवाडा

आज माझी नेमणूक पक्की झाली. मी, थॉमसिन हार्केट, गिल्डफर्डच्या गिल्बर्ट हातमोजेवाल्याची बायको, आता इंग्लंडच्या होणाऱ्या राजपुत्राची दूधआई. तोंडाने दहादा म्हणून पाहिलं तरी खरं वाटेना, म्हणून लिहून पाहतेय. बापाने दुकानात उपयोगी पडेल म्हणून लिहायला शिकवलं होतं. त्याचा असा उपयोग होईल हे त्याच्या स्वप्नातही आलं नसेल.

निवड करायला तिघी बायका होत्या. त्यांनी माझे दात पाहिले, केस पाहिले, छाती पाहिली. मग नखावर दुधाचा थेंब ठेवून तो ओघळतो का ते पाहिलं. गिल्बर्ट बाजारात गाय घेतानासुद्धा इतकं निरखत नाही. माझा थेंब जागचा हलला नाही. "चालेल," डेम अर्सुला म्हणाल्या. राजपुत्राच्या दालनांचा सगळा कारभार त्यांच्या हातात आहे. उंच, सुकलेली बाई. त्यांना हसताना इथे कुणी पाहिलेलं नाही.

सिसलीला गिल्डफर्डलाच ठेवून आले. माझी लेक, चार महिन्यांची. शेजारची फिलिपा तिला पाजते. तिचं स्वतःचं पोर आता अंगावरचं सोडायला आलंय. निघताना सिसलीने माझ्या टोपीची नाडी मुठीत धरली ती सोडेचना. शेवटी मी नाडीच कापली आणि तिच्या मुठीत राहू दिली.

असं ठरलंय की राजपुत्र जन्मला की फिलिपाला आणि सिसलीला नदीपलीकडे किंग्स्टनला खोली घेऊन ठेवायचं. मग दर रविवारी मला लेक बघता येईल. म्हणजे राजपुत्र जितका लवकर येईल तितकी माझी सिसली लवकर येईल. गिल्बर्टला मात्र दुकानावर राजघराण्याची पाटी दिसायला लागली आहे. निघताना मला म्हणाला, "दूध सांभाळ गं." माझी काळजी नाही, दुधाची.

२३ एप्रिल, संत जॉर्जचा दिवस

राणीसाहेब आत जाऊन बसल्या आहेत. आत म्हणजे बाळंतपणाच्या दालनात. खिडक्यांवर जाड पडदे ठोकून बसवलेत, एकच खिडकी उघडी आहे. पुरुषाला उंबरा ओलांडायची बंदी. आम्ही चार दालनं अलीकडे असतो, मी, ब्रिजेट आणि पाळणा.

पाळणा ओकच्या लाकडाचा, सोन्याचा मुलामा दिलेला, वर देवाचे आभार कोरलेले. ब्रिजेट म्हणजे पाळणा हलवणारी बाई. तिची नेमणूक तेवढ्याच कामाची. म्हातारी आहे, तोंडाने फटकळ. आताच्या राणीसाहेबांच्या वडिलांच्या काळापासून ती इथेच आहे.

"किती राण्या बघितल्यास गं?" मी विचारलं.

"बोटं मोजायला लागले की माझं चुकतं," ती म्हणाली. "कुणी मुलगी झाली म्हणून गेली, कुणी मुलगा झाला आणि जिवानिशी गेली. थोरल्या राजेसाहेबांना मुलगा हवा होता. मुलगा झाला, गादीवर बसला, मिसरूड फुटायच्या आत गेला. आणि बसलं कोण? मुलगीच."

"आता पुन्हा मुलगा होईल," मी म्हटलं.

"होईल की. नाही झाला तर धाकटी बहीण टपून आहेच."

हे ती हळू आवाजात म्हणाली. धाकट्या राजकन्येला इथेच आणून ठेवलंय, मागच्या बाजूच्या दालनात. पहारा असतो. मूल झालं की राज्य त्याचं आणि आमचा जुना कॅथलिक धर्मही त्याच्यासोबत राहील. नाही झालं तर सगळंच धाकटीचं, आणि तिचा धर्म कोणता हे तिचं तिलाच ठाऊक. एवढ्या मोठ्या देशाचा भार त्या एका पाळण्यावर आहे, असं म्हणतात. ब्रिजेट त्याच्या दांडीवर आपली लोकर वाळत घालते.

३० एप्रिल

आजचा दिवस जन्मभर विसरणार नाही.

सकाळी नदीकडून आरडाओरडा ऐकू आला. लंडनहून होड्या आल्या होत्या आणि नावाडी टोप्या उडवत ओरडत होते, "राजपुत्र झाला! देखणा, गोरापान!" लंडनमध्ये म्हणे सगळ्या चर्चच्या घंटा वाजताहेत, दुकानं बंद आहेत, चौकाचौकात शेकोट्या पेटवून लोक फुकट दारू पिताहेत.

ब्रिजेटने पाळण्यावरची लोकर काढून फेकली. मला गुलाबपाण्याने अंग पुसायला लावलं, नवा पांढरा झगा घातला, केस घट्ट बांधले. डेम अर्सुला आल्या, त्यांनी आम्हाला एका रांगेत उभं केलं. पाळण्यात गरम विटा ठेवून गादी ऊबदार केली. मी दोन्ही हात पुढे करून उभी राहिले. दूध आपोआप यायला लागलं, झगा पुढून भिजला.

उभ्याच राहिलो. विटा गार झाल्या. बाळ काही कुणी आणेना.

शेवटी ब्रिजेट म्हणाली, "डेमसाहेब, चार दालनं पलीकडे तर आहे. बातमी लंडनला जाऊन परत आली, पोराला एवढा वेळ का लागतोय?"

डेमसाहेब आत गेल्या आणि लगेच परत आल्या. चेहऱ्यावरची रेषा हलली नव्हती. "लंडनमध्ये झाला असेल," त्या म्हणाल्या. "इथे अजून नाही. झगा बदल, थॉमसिन."

मला आधी हसू आलं, मग रडू आलं. रडायची बंदी आहे, रडण्याने दूध नासतं म्हणतात, म्हणून जिन्याखाली जाऊन रडले. मी आज संध्याकाळी सिसलीला आणायचा निरोप पाठवणार होते.

६ मे

वैद्यांनी तारीख पुढे ढकलली. मोजण्यात चूक झाली म्हणे. होते अशी चूक. माझी थोरली जाऊसुद्धा महिनाभर चुकली होती.

पण माझी अवस्था वाईट आहे. छाती दगडासारखी झालीय, ताप भरतो. हाताने पिळून काढते पण दूध कमी होत चाललंय. काल डेमसाहेबांनी एक टोपली पाठवली. उघडून बघते तर कुत्र्याचं पिल्लू, तांबूस कानांचं, जेमतेम महिन्याचं.

"हे काय?" मी विचारलं.

"तुझा राजपुत्र," ब्रिजेट म्हणाली. "मोठ्या घरांत असंच करतात पोरी. पिल्लू ओढतं, दूध टिकतं."

मी डेमसाहेबांना विचारलं, त्यापेक्षा एखादं माणसाचं मूल का नको? त्या म्हणाल्या, "राजपुत्राच्या आधी दुसऱ्या कुणाच्या मुलाचं तोंड लागता कामा नये. उद्या तो दूधभाऊ म्हणून दारात उभा राहील. कुत्रा गादीवर हक्क सांगत नाही."

पिल्लाचं नाव डॅप ठेवलंय. दात टोकदार आहेत. गिल्बर्टला हे कधीही सांगणार नाही.

११ मे

जे केलं ते लिहून ठेवते. पटतंय की नाही ते लिहिताना कळेल.

मॉड धोबीण आमच्या दालनांतले कपडे नेते-आणते. तिची लेक ईस्टरच्या आठवड्यात बाळंतपणात गेली. मागे राहिलेला मुलगा, हम्फ्री, याला ती पाण्यात भिजवलेला पाव फडक्यातून चोखायला देते. आज ती टोपली घेऊन आली तेव्हा मी डॅपला घेऊन बसले होते. ती दारातच थबकली. एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा कुत्र्याकडे.

ती काही बोलली असती तर बरं झालं असतं. तिने टोपली खाली ठेवली, चादरी मोजल्या आणि गेली.

मला जेवण जाईना. माझं जेवण आधी एक जण चाखतो, विषबिष असेल म्हणून. माझ्या जिवावर तो चांगला गुटगुटीत झालाय. सगळं ताट त्याला दिलं आणि मॉडला बोलावून घेतलं. म्हटलं, "उद्या चादरींच्या खाली त्याला घालून आण."

मॉड म्हणाली, "बाईसाहेब, कळलं तर तुम्हाला घालवतील."

"तुलाही घालवतील."

"मला घालवायला जागा कुठे आहे," ती म्हणाली. "मी नदीवरच असते."

१२ मे

हम्फ्री माझ्या सिसलीपेक्षा चार महिन्यांनी लहान, आणि अंगात तर निम्मासुद्धा नाही. आधी त्याला कळेनाच काय करायचं. मग कळलं. इतका जोरात लागला की माझ्या पायाची बोटं वळली. पीत असताना त्याने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, आणि मला सिसली इतकी आठवली की मी मोठ्याने हुंदका दिला. ब्रिजेट दाराला पाठ लावून बसली होती. म्हणाली, "रड. हे दूध नासलं तरी याला चालेल."

डॅपला आता स्वयंपाकघरातून गाईचं दूध आणि हाडं मिळतात.

२ जून

हम्फ्री रोज येतो, टोपलीतून, चादरींच्या खाली. दूध पहिल्यापेक्षाही जास्त झालंय. डेमसाहेबांनी आज तपासलं, म्हणाल्या, "कुत्र्याने काम चोख केलंय." मी मान खाली घातली. डॅप कोपऱ्यात हाड चघळत होता. केवढा मोठा झालाय. त्यांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि गेल्या. सुटले.

राणीसाहेबांच्या दालनातली एक मुलगी ब्रिजेटला सांगत होती, की त्या दिवसदिवस जमिनीवर गिर्द्यांवर बसून असतात, गुडघे उराशी घट्ट घेऊन. मला नवव्या महिन्यात स्वतःचे पाय दिसत नव्हते. राजघराण्याच्या माणसांची ठेवणच वेगळी असणार. ब्रिजेटने माझ्याकडे असं काही पाहिलं, जसं मीच जमिनीवर बसलेय.

१९ जून

वैद्यांनी पुन्हा तारीख दिली. देशभर मिरवणुका, प्रार्थना चालल्या आहेत. मीही रोज गुडघे टेकते. राजपुत्रासाठी मागते, म्हणजे सिसलीसाठी मागते. देवाला कळत असेल.

एक गंमत. स्वयंपाकघरातली सगळ्यात चांगली पक्वान्नं हल्ली मागच्या बाजूला धाकट्या राजकन्येकडे जातात. हरणाच्या मांसाची कचोरी, पहिल्या स्ट्रॉबेऱ्या. वसंतात तिच्या नोकरांना रांगेत उभं करायचे, आता स्वयंपाकी स्वतः हातात ताट घेऊन जातो आणि वाकून नमस्कार करतो. पहारेकरीसुद्धा तिच्या माणसांना दार उघडून देतात. तिला भूक फार लागत असावी. कोंडून ठेवलं की लागतेच भूक.

२८ जून

आज वाचले.

हम्फ्री पिऊन टोपलीत झोपला होता आणि डेमसाहेब अचानक आल्या. मी टोपलीवर चादर ओढली. त्याच वेळी आतून त्याने चांगली दणदणीत ढेकर दिली. डॅप तर माझ्या पायाशी सगळ्यांना दिसत होता.

डेमसाहेब म्हणाल्या, "कुत्र्याला खोकला झालाय वाटतं."

"हो, डेमसाहेब," ब्रिजेट म्हणाली. "रात्रीपासून."

"ऊब द्या त्याला." आणि गेल्या. संध्याकाळी त्यांच्याकडून एक गठडी आली. मऊ लोकरीचं फडकं, दोन झबली आणि लेसची टोपी. राजपुत्रासाठी शिवलेल्यांतलीच. निरोप होता, "हे कपडे राजपुत्राला लहान होतील."

जन्मायच्या आधीच कपडे लहान कसे होतील? डेमसाहेबांचं हल्ली लक्ष ठिकाणावर नसतं. वय झालं. ब्रिजेटला म्हटलं तर ती डोळ्यांना एप्रन लावून हसायला लागली, आणि मग झबल्यांच्या घड्या घालत बसली.

टोपी हम्फ्रीला नीट बसते.

१६ जुलै

गिल्बर्टने लोकर घेऊन येणाऱ्या गाडीवानाबरोबर निरोप पाठवला. फिलिपाला पुन्हा दिवस गेलेत आणि तिचं दूध आटलं. सिसलीला बार्लीची पेज देताहेत, ती अर्धी बाहेर काढते. दुसरी दाई मिळत नाही. गाडीवान म्हणाला, "पोर किरकिर करतं हो बाई, पण डोळे तरतरीत आहेत." डोळ्यांचं कौतुक करतात तेव्हा बाकी कौतुक करण्यासारखं काही नसतं, हे मला कळतं.

१७ जुलै

सकाळीच डेमसाहेबांकडे गेले. म्हटलं, "मला जाऊ द्या. माझी मुलगी उपाशी आहे आणि मी इथे भरलेली बसलेय."

त्या म्हणाल्या, "राजपुत्राच्या दूधआईला सोडायचं म्हणजे राजपुत्र येणार नाही असं म्हणणं. ते मी म्हणू शकत नाही. कुणीच म्हणू शकत नाही. मागच्या आठवड्यात एकाने दारूच्या गुत्त्यात म्हटलं, त्याला बांधून नेलं."

"पण राजपुत्र येणार आहे ना?"

त्या खिडकीशी गेल्या. म्हणाल्या, "तुझं दूध आटलं तर मला तुला पाठवावं लागेल. तो नियम आहे."

मी परत आले. म्हणजे दूध आटवलं तर घरी जाता येतं, पण मग घरी जाऊन सिसलीला देणार काय? रिकाम्या हाताने, रिकाम्या अंगाने. आणि टिकवलं तर इथेच. ब्रिजेटला सांगितलं. ती म्हणाली, "टिकव. कुठलंही पोट जन्मभर थांबून राहत नाही, राणीचंसुद्धा. काहीतरी होईलच."

तेवढ्यात मॉड टोपली घेऊन आली. तिलाही कळलं होतं. हम्फ्रीला माझ्याकडे न देता तिथेच उभी राहिली. "तुमच्या मुलीच्या वाटणीचं आहे हे," ती म्हणाली.

मी म्हटलं, "वेडी आहेस का? हा पितो म्हणून तर तिच्यासाठी टिकतंय. आण इकडे."

आज त्याला पाजताना पहिल्यांदा सिसलीची चोरी केल्यासारखं वाटलं नाही. तो तिची जागा धरून बसलाय, असं वाटलं.

३ ऑगस्ट

कुणी काही बोललं नाही. कुठे दवंडी नाही, घंटा नाही. सकाळी अंगणात गाड्या लागल्या आणि दरबार दुसऱ्या, लहान वाड्यात हलणार असं कळलं. एवढंच. हा वाडा फार दिवस वापरात होता, झाडझूड करायची आहे, असं कारण सांगितलं.

आमच्या दालनासमोरून नोकर बाळंतपणाच्या दालनातले पडदे खाली उतरवून नेत होते. दारातून ऊन आत गेलेलं दिसलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. मला राणीसाहेबांचं फार वाईट वाटलं. मी त्यांना एकदाही पाहिलं नाही. त्याही माझ्यासारख्याच चार दालनं पलीकडे एका मुलाची वाट बघत बसल्या होत्या. फरक इतकाच की माझ्या मुलाचं नाव सिसली आहे आणि ते गिल्डफर्डला आहे. मिकलमसपर्यंत, म्हणजे सप्टेंबरअखेरच्या सणापर्यंत, त्यांना होईल असं अजून एक वैद्य म्हणतो. होवो.

पाळण्यावर पांढरं कापड बांधून तो कोठाराकडे नेला. डेमसाहेब आल्या. "तुझं काम संपलं, थॉमसिन. किंग्स्टनहून गाडी सांगितली आहे. कुत्रं घेऊन जा, इथे त्याला कुणी विचारणार नाही." मग दारात थांबून म्हणाल्या, "आणि दुसऱ्याला आता पातळ लापशी चालेल. बकरीचं दूध घालून. मॉडला सांग, आधी उकळायचं."

कोणता दुसरा, हे माझ्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात त्या हसल्या. ब्रिजेट साक्षीला आहे.

मी उठले आणि वाकून नमस्कार केला, राणीसाहेबांना करायचा तसा. दुसरं काही सुचलं नाही.

मग मॉडकडे गेले, नदीवर. हम्फ्रीला शेवटचं पाजलं, उघड्यावर, उन्हात, सगळ्या धोबिणींच्या समोर. गुबगुबीत झालाय, गालाला खळी पडते. मला रडू आवरेना. ब्रिजेटही तिथे येऊन बसली होती, कपड्यांच्या टोपलीला पाय लावून ती हलवत. म्हणाली, "इतके महिने पाळणा हलवायचा पगार खाल्ला. एक तरी पोर झोपवल्याशिवाय जायची नाही मी." मॉडच्या खोपटातच राहणार आहे म्हणते. तिला दुसरं कुणी नाही.

५ ऑगस्ट, गिल्डफर्ड

सिसलीने मला ओळखलं नाही.

फिलिपाच्या कडेवर होती. मी हात पुढे केले तर तिने तोंड फिरवलं. हात काड्यांसारखे झालेत. डोळे मात्र खरंच तरतरीत आहेत. मी जवळ गेले तशी ती भोकाड पसरून रडली. गिल्बर्ट मध्येच म्हणाला, "हळूहळू होईल गं, तू दमली असशील." त्याने दुकानावरच्या पाटीबद्दल एक शब्दही काढला नाही, हे त्याच्या बाजूने लिहून ठेवते.

दुपारी मी अंगणात पायरीवर बसले. अंग दुखायला लागलं होतं, परवापासून कुणी प्यालेलं नाही. फिलिपाने सिसलीला जमिनीवर बसवलं होतं. डॅप तिच्याजवळ गेला आणि तिच्या हातातली पेजेची वाटी चाटून साफ केली. सिसली बघतच राहिली. मग खदखदून हसली. त्याचा कान धरला, आणि तो माझ्याकडे आला तशी तीही त्याच्यामागे रांगत आली. माझ्या झग्याला धरून उभी राहायला बघू लागली. मी हललेसुद्धा नाही. तिने वर पाहिलं, हात वर केला आणि माझ्या टोपीची नाडी मुठीत धरली.

मग काही शिकवावं लागलं नाही.

अर्धं प्यायली, अर्धं माझ्या झग्यावर सांडलं. गिल्बर्ट समोर उभा होता, काय करावं न कळून आपल्याच हातातले हातमोजे काढत-घालत होता. जरा वेळाने म्हणाला, "आणि मिकलमसला बोलावणं आलं तर?"

"मला काय विचारतोस," मी म्हटलं. "सिसलीला विचार."

सिसलीचं तोंड भरलेलं होतं.